काटा खाली आला, पण चरबी कुठे गेली?

‘सात दिवसांत चार किलो’ ही जाहिरात बऱ्याचदा खरी असते, आणि पंचाईत नेमकी तिथेच आहे. भात, पोळी, साखर, फळं एका झटक्यात बंद केली की आठवड्याभरात काटा तीन-चार किलोंनी खाली येऊ शकतो. शेजारी विचारतात, ऑफिसात कौतुक होतं, डाएटचा फोटो व्हॉट्सअॅपच्या तीन ग्रुपवर फिरतो. त्या चार किलोंमध्ये चरबी किती होती, हे मात्र कुणी विचारत नाही.

हिशोब करून बघू. खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांतली थोडी साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. यकृतात साधारण 100 ग्रॅम, स्नायूंमध्ये 400 ग्रॅमच्या आसपास. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी असतं. म्हणजे हा साठा बराचसा रिकामा झाला की दीड-दोन किलो तिथेच गेले. त्यात इन्शुलिनची पातळी उतरल्यावर मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात आणि मिठामागून आणखी पाणी जातं. जेवणच कमी झाल्यामुळे आतड्यातला ऐवजही हलका होतो. आता चरबीकडे या. एक किलो चरबी जाळायला सुमारे 7,700 कॅलरींची तूट लागते. रोज 600 कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्यात 4,200 कॅलरींची तूट पडते. म्हणजे चरबी गेली जेमतेम अर्धा किलो. ते अर्धा किलो खरं आहे, चांगलं आहे, पण जाहिरात उरलेल्या साडेतीन किलोंच्या जोरावर चालते.

म्हणूनच पहिल्या आठवड्यात सगळे डाएट यशस्वी होतात. पिष्ट जवळपास बंद करून तूप-तेलावर भर देणारा कीटो घ्या, ज्यूस घ्या, नाहीतर जनरल मोटर्सच्या नावाने फिरणारा सात दिवसांचा जीएम डाएट घ्या. हा शेवटचा त्या कंपनीने बनवल्याचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. त्यात पहिल्या दिवशी केळं सोडून फळं, दुसऱ्या दिवशी भाज्या आणि चौथ्या दिवशी आठपर्यंत केळी नि तीन ग्लास दूध. पहिल्या दोन दिवसांत प्रथिनं जवळपास नाहीत. आठव्या दिवशी माणूस वरण-भातावर परत येतो, ग्लायकोजेन भरतं, पाणी परततं आणि तीन-चार दिवसांत काटा बराचसा पूर्वीच्या जागी येतो. मग दोष येतो त्या माणसावर: ‘तुझ्यात चिकाटी नाही.’ चिकाटीचा इथे काही संबंध नाही. गेलं होतं ते पाणी होतं आणि ते परतणारच होतं.

हाच हिशोब उलटाही लावता येतो. लग्नाच्या पंगतीत मसालेभात, जिलेबी, मठ्ठा झाला आणि दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दिसला, तर घाबरायचं कारण नाही. एका दिवसात दीड किलो चरबी चढायला नेहमीच्या जेवणावर साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. कितीही आग्रह झाला तरी तेवढं जात नाही. मीठ आणि पिष्ट वाढलं, पाणी धरलं गेलं, इतकंच. दोन-तीन दिवस नेहमीसारखं जेवा, उतरेल.

वजन करायचंच असेल तर पद्धत अशी. सकाळी उठल्यावर, संडास-लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तशाच हलक्या कपड्यांत काट्यावर उभं राहायचं. काटा कठीण फरशीवर हवा, सतरंजीवर किंवा गालिच्यावर ठेवला तर आकडा चुकतो. रोजचा आकडा लिहून ठेवायचा, पण त्याच्याकडे निकाल म्हणून पाहायचं नाही. सात दिवसांची सरासरी काढायची आणि चार आठवड्यांच्या चार सरासऱ्या एकमेकींशी ताडून बघायच्या. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी या महिन्यातला आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडावा, कारण पाळीच्या आधी अंगात पाणी धरलं जातं. सोबत कमरेचं माप घ्या: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात.

सकाळी बागेच्या फाटकाशी टेबल मांडून ‘फुकट बॉडी फॅट तपासणी’ चालते, तिथल्या यंत्राबद्दलही सांगायला हवं. त्यावर अनवाणी उभं राहिलं की तळपायांतून अगदी बारीक वीजप्रवाह जातो. पाण्यातून तो सहज जातो, चरबीतून अडखळत जातो. किती अडखळला त्यावरून यंत्र एका सूत्राने चरबीचे टक्के काढतं. म्हणजे ते चरबी मोजत नाही, अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं. घामाघूम होऊन आलात, पाणी कमी प्यायलात, नुकतेच जेवलात, तर आकडा बदलतो. त्यावर जे ‘शरीराचं वय’ दिसतं ते प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या सूत्राने काढलेलं असतं. पंचेचाळिशीच्या बाईला ‘तुमचं वय बासष्ट आलंय’ असं सांगायचं आणि लगेच पावडरचा डबा पुढे करायचा, हे मला अजिबात पटत नाही. माणसाला घाबरवून त्याच्या खिशात हात घालणं आहे ते.

कीटोचं मूळ दवाखान्यातलं आहे. 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी हा आहार सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्‌सवर तो आजही, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, वापरतात. त्यात दिवसाला साधारण 20 ते 50 ग्रॅम इतकीच कर्बोदकं, म्हणजे पिष्ट आणि साखर, चालतात. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत 35 ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे एका भाकरीत दिवसाचा कोटा जवळपास संपला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं दुखतं, गळल्यासारखं होतं, त्याला ‘शरीर शुद्ध होतंय’ असं सांगितलं जातं. त्यात शुद्धी कसली आलीय? त्यामागे बहुतेकदा मीठ-पाणी वाहून गेलेलं असतं. आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने कीटो किंवा कडक उपास करू नका. रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर विकार होऊ शकतो आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर जवळपास ठीक दिसते, त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर सरळ दवाखाना गाठा आणि गोळीचं नाव सांगा.

घाम काढणारे पट्टे आणि प्लास्टिकची जॅकेटं ही तर शुद्ध पाण्याचीच विक्री. एक लिटर घाम गेला की वजन एक किलोने उतरतं आणि एक लिटर पाणी प्यायलं की परत येतं. घाम त्वचेवरून उडून जातो तेव्हा अंग थंड होतं. प्लास्टिकखाली तो उडतच नाही, नुसता वाहतो, आणि आतली उष्णता वाढत जाते. 1997 मध्ये अमेरिकेत सहा आठवड्यांच्या आत कॉलेजचे तीन कुस्तीगीर असंच वजन उतरवताना गेले, त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूटवर बंदी आली. ते तर तरणेताठे खेळाडू होते. एप्रिल-मेच्या विदर्भात किंवा मराठवाड्यात असलं जॅकेट घालून पळणाऱ्याला बघितलं तर कृपा करून थांबवा.

पोटाला पट्टा बांधून पोटाचीच चरबी जाते, ही समजूत तर मरतच नाही. 1971 मध्ये टेनिसपटूंच्या दोन्ही हातांची मापं घेतली होती. रोज तासन्‌तास रॅकेट फिरवणाऱ्या हाताचे स्नायू मोठे होते, पण त्वचेखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांत सारखीच निघाली. पोटाचे व्यायाम करावेत, त्यांनी पोटाचे स्नायू घट्ट होतात. चरबी कुठून आधी जायची हे अनुवंश आणि संप्रेरकं ठरवतात. आणि ती जाते तरी कुठे? बहुतांश नाकातोंडावाटे. दहा किलो चरबी पूर्ण जळली की सुमारे 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. घामाच्या पट्ट्याला त्यात करण्यासारखं काही उरतच नाही.

सकाळचे रस. लिंबू-मध-गरम पाणी निरुपद्रवी आहे, पण चरबी ‘वितळवत’ नाही. एक मोठा चमचा मध म्हणजे साठ-पासष्ट कॅलरी, चहातल्या तीन छोट्या चमचे साखरेपेक्षा थोड्या जास्तच. दुधीच्या रसाची गोष्ट मात्र वेगळी, तिथे जिवाशी खेळ होतो. दुधीमध्ये कधीकधी क्युकरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं वाढलेली असतात. बाहेरून दुधी हिरवागार, कोवळा दिसतो, कळत नाही. 2010 मध्ये दिल्लीत कडू रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमून सूचना काढल्या. प्रत्येक दुधीची एक छोटी फोड आधी चाखा. किंचितही कडू लागली तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेकून द्या. आवळा, कारलं, पुदिना घालून रस करू नका, कारण मग दुधीचा कडूपणा ओळखूच येत नाही. ‘कडू म्हणजे औषधी’ म्हणून घोट गिळणारेच यात सापडतात. प्यायल्यावर मळमळ, उलट्या, जुलाब, उलटीतून रक्त, चक्कर असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. याला उतारा नाही, सलाईन आणि देखरेख लागते.

आता आपल्या महाराष्ट्राच्या लाडक्या पद्धतीकडे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकांपर्यंत नेलेली: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत उरकायचं आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. यात डबा नाही, पावडर नाही, सल्ला फुकट आहे, त्याबद्दल मला आदर आहे. चहाबरोबरची बिस्किटं, चारचा चिवडा, टीव्हीसमोरचे शेंगदाणे बंद झाले की कित्येकांच्या तीन-चारशे कॅलरी सहज कमी होतात, आणि वजन त्यामुळेच उतरतं. घड्याळात वेगळी जादू आहे असं मात्र दिसत नाही. 2022 मध्ये चीनमधल्या ग्वांगजौ शहरात लठ्ठ असलेल्या 139 जणांना एक वर्ष सारख्याच कमी कॅलरींवर ठेवलं. एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचं, दुसऱ्याला वेळेचं बंधन नाही. वेळ पाळणाऱ्यांचं वजन सरासरी आठ किलोंनी उतरलं, इतरांचं 6.3 किलोंनी, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. आपल्याकडे ही पद्धत फसते ती दोन ठिकाणी. एक, ‘55 मिनिटांत काहीही चालतं’ असा सोयीचा अर्थ लावून श्रीखंड-पुरीवर ताव मारला जातो. दुसरं जास्त गंभीर: मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना नाश्ता बंद केला तर साखर धाडकन खाली येऊ शकते. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, बोलण्यात गोंधळ ही खूण. आधी डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या, मग जेवणं कमी करा.

दहा हजार पावलांचा आकडा 1965 च्या जपानमधल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, प्रयोगशाळेतून नाही. सत्तरीच्या आसपासच्या हजारो अमेरिकी स्त्रियांच्या 2019 मधल्या अभ्यासात मृत्यूचा धोका 4,400 पावलांनाच बराच कमी दिसला आणि 7,500 च्या पुढे फायदा वाढत गेला नाही. गुडघे कुरकुरत असतील तर रात्री अकराला हॉलमध्ये फेऱ्या मारून आकडा पुरा करू नका.

सगळ्या झटपट डाएटचं खरं नुकसान दिसत नाही ते स्नायूंचं. उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा स्नायू वगैरेंचा असू शकतो, आणि प्रथिनं कमी असली, व्यायाम नसला तर आणखी. वजन परत चढतं ते मात्र मुख्यतः चरबीचं. साठ किलोच्या माणसाला दर किलोमागे 0.83 ग्रॅम या भारतीय शिफारशीने रोज 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन भाकऱ्यांतून 10, दोन वाट्या घट्ट वरणातून 14, वाटीभर मटकीच्या उसळीतून 9, वाटीभर दह्यातून 5, दोन अंड्यांतून 12. झाले पन्नास. अंडी खात नसाल तर साठ-पासष्ट ग्रॅम पनीर. वरण पातळ केलं की हिशोब कोसळतो, वाटीत निम्मं पाणीच असतं. आणि उपासाच्या साबुदाण्यात प्रथिनं नसल्यातच जमा आहेत, जी काही मिळतात ती खिचडीतल्या दाण्याच्या कुटातून.

सोबत आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. जिमच हवी असं नाही, तालमीतल्या जोर-बैठका पुरेशा आहेत. सवय नसेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं आणि भिंतीला हात टेकून जोर काढायचे. आठ ते बारा वेळा, असे तीन फेरे. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. बारा सहज जमू लागल्या की खुर्चीऐवजी ठेंगणा स्टूल घ्या, भिंतीऐवजी ओट्याची कड.

आणि स्वयंपाकघरातली तेलाची बुधली. एक लिटर तेल म्हणजे आठ हजारांवर कॅलरी. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर संपत असेल तर रोज माणशी तीस ग्रॅम, 270 कॅलरी नुसत्या तेलाच्या. नवीन पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहा. फोडणी बुधली तिरकी करून घालू नका, चमच्याने मोजा: चौघांच्या भाजीला दोन ते तीन छोटे चमचे पुरतात. कढई आधी नीट तापू द्या, मोहरी लगेच तडतडते आणि ‘अजून थोडं’ ओतलं जात नाही. चारावरून तीन लिटरवर आलात तर माणशी रोज अडुसष्ट कॅलरी कमी होतात, म्हणजे कागदावर महिन्याला पाव किलो चरबी. शरीर जुळवून घेतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमी उतरेल, पण ती पाण्याबरोबर आठव्या दिवशी परत येणार नाही.