तेव्हा आम्ही जगाया गेलतो

मे महिन्याची अखेर होती. सकाळी सहालाच टँकरवाल्याचा फोन आला. "भाऊसाहेब, लवकर या. बायका गाडी हलू देईनात."

मी पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) आहे. माझ्याकडचे पाडे एकमेकांपासून लांब, माळामाळावर विखुरलेले. त्या पाड्यावर पोचलो तेव्हा टँकरचा जाड पाइप विहिरीत सोडलेला होता आणि गाडी जवळजवळ रिकामी झाली होती. कठड्याला खेटून पन्नास-साठ बाया, प्रत्येकीच्या हातात दोर. एकीचं पोहरं वर येतंय तोवर दुसरीचं खाली आदळत होतं. कापलेल्या तेलाच्या डब्यांना दोर बांधून पोरीही पाणी शेंदत होत्या. पाणी तांबडं, गढूळ. वीस मिनिटांत तळाचा कातळ दिसायला लागला. शेवटी दोन पोरी आत उतरल्या आणि खळग्यातलं पाणी तांब्याने हंड्यात भरू लागल्या. निम्म्याहून जास्त हंडे अजून कोरडे होते.

मी वही उघडली. एप्रिलमध्ये टंचाईच्या पाहणीला मीच आलो होतो, घरोघर फिरून माणसं मोजली होती. हजर माणसं 118. माणशी रोज 20 लिटर धरलं तर 2,360 लिटर होतात, म्हणून दहा हजाराची गाडी चौथ्या दिवशी. हिशेबात चूक नव्हती. तो मी बायांना वाचूनही दाखवला.

एक म्हातारी दोर गुंडाळता गुंडाळता थांबली. "भाऊसाहेब, तुमी मोजलं तेव्हा आमी जगाया गेलतो."

मला पुढे बोलता आलं नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. अकरा वर्षं मी याच तालुक्यात काढली आहेत. इथे दहातली नऊ माणसं आदिवासी : वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, काथोडी. भाताची खाचरं थोडी, बाकी उतारावरची वरकस जमीन. तिच्यात नागली, वरई, खुरासणी, उडीद. दिवाळीपर्यंत पीक घरात येतं आणि बऱ्याच घरांत ते शिमग्यापर्यंतही पुरत नाही. वीटभट्टीवाल्याची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, तर आधीच घेतलेली असते. मग दाराला काटक्या लावायच्या, कोंबड्या टोपलीत घालायच्या आणि भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्टीवर जायचं. मजुरी हजार विटांमागे. होळीला चार दिवस घरी यायचं, पुन्हा जायचं. खरा हिशेब होतो तो मे सरताना. त्यात उचल फिटली तर आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान येतं, नाही तर पुढच्या वर्षाची उचल डोक्यावर घेऊनच माणूस परत येतो. या सगळ्याला इथे कुणी 'कामाला जाणं' म्हणत नाही. 'जगाया जाणं' म्हणतात. हा शब्द मी हजारदा ऐकला होता आणि तरीही नेमका एप्रिलमध्ये मोजायला गेलो होतो.

इथे पाऊस कमी पडतो असं बाहेरच्या माणसाला वाटतं. चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ, वर हातभर माती. पडलं तेवढं पाणी वाघ, पिंजाळ, वैतरणा या नद्यांतून निघून जातं. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणेवर 102 मीटर उंचीचं धरण उभं आहे. त्या मध्य वैतरणेतून मुंबईला दिवसाला 455 दशलक्ष लिटर पाणी जाऊ शकतं. धरण दरीत आणि पाडे वर माळावर. मुंबईला पाणी जाऊ नये असं मी म्हणणार नाही. पण दरीतून माळावर पाणी चढवणं आपल्याला झेपत नाही, हे मला आजही पटत नाही.

त्या दिवशी मी कठड्यावरच बसलो आणि नव्याने यादी लिहायला घेतली. बाया नावं सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. 246 वर थांबलो तेव्हा मागून एक पोरगी पुढे आली. अठरा-एकोणीसची असेल. लुगड्याच्या झोळीत दीड महिन्याचं बाळ. भट्टीवरच झालेलं, कुठल्याच रजिस्टरात नोंद नसलेलं.

"याचं पाणी धरताव का?" तिने विचारलं.

नाव अजून ठेवलेलं नव्हतं. मी आईच्या नावापुढे 'मुलगा' असं लिहिलं. 247.

दुपारी पंचायत समितीत गेलो. एप्रिलचा माझा अहवाल समोर ठेवला आणि तो आता लागू नाही असं लेखी दिलं. तिसऱ्या दिवसापासून गाडी एक दिवसाआड सुरू झाली. ती पाऊस लागेपर्यंत चालली.

आता माझ्या वहीत प्रत्येक पाड्याला दोन रकाने आहेत. एक पाड्यावर असलेल्यांचा, दुसरा जगाया गेलेल्यांचा. टँकरच्या प्रस्तावावर मी दोन्हींची बेरीज लिहितो. सोबत गाव परत येण्याची तारीखही टाकतो. ती त्या म्हातारीला विचारून घेतो.