तुम्ही विचारलंत म्हणून: फराळाचा डबा आणि मी

नवरात्र सरलं की ऑफिसात, सोसायटीत आणि साडूंकडून तर हमखास एकच प्रश्न येतो: "अहो, दिवाळीत तुम्ही तोंड आवरता तरी कसं?" चार वर्षांपूर्वी माझं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ६.३ आलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. त्यानंतर मी नऊ किलो उतरलो, म्हणून हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. तर तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगतो, मला आवरत नाही.

पहिल्या वर्षी निश्चय होता. वसुबारसेपासून साधी शंकरपाळी तोंडात टाकली नाही, आणि चारचौघांत ते सांगतही फिरलो. पाडव्याच्या रात्री साडेअकराला मी ओट्यापाशी अंधारात उभा होतो. चिवड्याचा स्टीलचा डबा ओट्यावर, आणि वाजू नये म्हणून झाकण पोटाशी धरलेलं. आधी खोबऱ्याचे काप वेचले, मग काजू, मग डाळं. त्यानंतर सरळ बकाणे. शेवटी तळाला मीठ आणि पिठीसाखर बसलेली असते, ती बोटाने. तहान लागली तेव्हा कुठे भानावर आलो.

सकाळी बायकोने डब्यात डोकावून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "काल दुपारी जेवला होतात का?"

नव्हतो. "फराळ आहेच घरात, जेवण टाळलेलं बरं" असा माझा हिशेब होता. तो फराळही टाळायचा होता, ते वेगळं.

तेव्हापासून दिवाळीत आधी पोटभर जेवायचं. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान, कारीट फोडणं झालं की उपाशीपोटी फराळाचं ताट घ्यायची आमच्याकडची रीत. नऊ वाजता पुन्हा भूक, आणि समोर पुन्हा तेच डबे. बायको मूळची फोंड्याची. गोव्यात त्या सकाळी फोव असतात, म्हणजे पोहेच: तिखट, दुधातले, ताकातले, तिच्या माहेरी जोडीला काळ्या वाटाण्यांची उसळ. ती उसळ आता आमच्या डोंबिवलीच्या घरातही आली. आई पहिल्या वर्षी "दिवाळीला उसळ? कोणी मेलंय का?" म्हणाली होती. आता तीच वाटाणे भिजत घालायची आठवण करते. उसळ-पोहे खाल्ल्यावर एक चकली आणि अर्धा बेसनलाडू पुरतो. अर्धाच का, तर उरलेला अर्धा बायको खाते.

फराळाच्या ताटात एक गंमत आहे. लाडू खाल्ला की जिभेला तिखट हवं होतं, चिवड्याने तोंड खारट झालं की करंजीकडे हात जातो. एका चवीचा कंटाळा आला तरी दुसऱ्या चवीला पोटात जागा निघतेच. याला 'सेन्सरी स्पेसिफिक सटायटी' म्हणतात आणि त्यावर बरंच संशोधन झालंय. पण आपल्या आज्यांना ते आधीच ठाऊक असणार, नाहीतर पाहुण्यापुढे एकाच ताटात सात पदार्थ कशाला मांडले असते! म्हणून मी एका वेळी दोनच पदार्थ घेतो, तेही वाटीत. डबा टीव्हीसमोर येत नाही.

"चार दिवसांनी काय होतंय, मार्चपर्यंत उतरतं" असं साडू म्हणतात. २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या १९५ माणसांचा अभ्यास छापून आला होता. थँक्सगिव्हिंग हा त्यांचा नोव्हेंबरअखेरचा सण; तो ते नवं वर्ष एवढ्या काळात त्यांचं वजन सरासरी ३७० ग्रॅमच वाढलं. पण ते नंतरच्या महिन्यांत उतरलं नाही. साडूंना हे सांगितलं, तर म्हणाले, "ते अमेरिकेत."

खरं सांगायचं तर घरच्या फराळावर माझा राग नाहीच. भाजणी भाजायला, चकल्या पाडायला घाम गाळावा लागतो, त्यामुळे त्याला आपोआप माप असतं. माप नसतं ते ऑफिसात येणाऱ्या खोक्यांना. सोनपापडी, मसाला काजू, चॉकलेटं, वेफर्सची पाकिटं. आवडीने कोण खातं ते? टेबलावर उघडं पडलेलं असतं आणि येता-जाता हात जातो, बस. माझ्या नावाचं खोकं मी न उघडताच खाली वॉचमनकाकांना देतो. यात दानधर्म वगैरे काही नाही. उघडलं तर संपवीन, हे मला माहीत आहे.

चिवड्याचा डबा आता माळ्यावर असतो. खुर्चीवर स्टूल चढवल्याशिवाय हात पोचत नाही, आणि तेवढी खटपट करेपर्यंत बहुतेक वेळा तलफ जाते.

बहुतेक वेळा. गेल्या पाडव्याला रात्री मी स्टूलवर चढलो, डबा ओढला आणि झाकण निसटून खण्णकन फरशीवर पडलं. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "चिवडा काढतोयस ना? मला नुसते पोहे आण रे. शेंगदाणे चावत नाहीत."

दोन वाट्या भरल्या, डबा वर ठेवला आणि तिच्या पलंगावर जाऊन बसलो.