दयाळ खिडकीजवळ नांदावा म्हणून

मार्च लागला की झुंजुमुंजू होण्याआधीच जो शीळ घालायला लागतो, तो बहुतेक वेळा दयाळ असतो. साळुंकीपेक्षा थोडा लहान, निळसर काळा, पंखावर पांढरा पट्टा, पोट पांढरं आणि शेपटी सतत वर उचललेली. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखाडी रंग. हिवाळ्यात हा पक्षी इतका गप्प असतो की तो अंगणात आहे हेही कळत नाही. मग उन्हाळ्याच्या तोंडावर तारेवर, टीव्हीच्या अँटेनावर, आंब्याच्या शेंड्यावर बसून गायला लागतो. एक ओळ, थोडा विराम, मग तीच ओळ जरा वळवून. मधूनच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही.

हे गाणं म्हणजे त्याच्या हद्दीची राखण आहे आणि मादीला बोलावणंही. म्हणूनच मोबाइलवर दयाळाची शीळ लावून त्याला जवळ बोलावू नका. दुसरा नर घुसला असं समजून तो घरटं सोडून भांडायला धावतो, आणि ऐन विणीच्या दिवसांत हा त्रास त्याला परवडत नाही. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर फोन खिडकीत ठेवा आणि बाजूला व्हा.

दयाळ घरटं बांधतो ते झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात, कधी पाइपाच्या तोंडात. नव्या इमारतींत अशी भोकं राहिली नाहीत, म्हणून लाकडी पेटी कामाला येते. पाऊण इंच जाडीची साधी फळी घ्या. पेटी आतून ६ इंच लांब-रुंद आणि १० इंच उंच हवी. तळापासून ६ इंचांवर सव्वादोन इंचांचं गोल भोक पाडा. चिमण्यांसाठी विकत मिळणाऱ्या पेट्यांचं भोक सव्वा इंचाच्या आसपास असतं, त्यातून दयाळ आत जाऊच शकत नाही. पेटी रिकामी राहते त्याचं हे पहिलं कारण. भोकाच्या आतल्या बाजूला, खालच्या फळीवर करवतीनं आडव्या रेघा ओढा. गुळगुळीत फळीवरून पिल्लांना वर चढता येत नाही. तळाला चार बारीक छिद्रं हवीत, छप्पर उतरतं आणि पुढे दोन इंच आलेलं हवं, ते बिजागरीवर बसवा म्हणजे साफसफाई सोपी. आतून रंग किंवा वॉर्निश नको. भोकाखाली बसायला दांडीही नको. दयाळाला तिची गरज नसते, कावळ्याची आणि भारद्वाजाची मात्र सोय होते.

पेटी ८ ते १० फुटांवर, भिंतीला किंवा खोडाला घट्ट बसवा. झुलती पेटी तो टाळतो. तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला असावं, कारण आपल्याकडे दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही पश्चिमेकडून येतात. मांजराला उडी मारता येईल असा कठडा जवळ नको. हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीतच उरकावं. साळुंकीलाही हे भोक पुरतं, आणि ती घुसली तर तो निर्णय पक्ष्यांवर सोडावा.

धान्य टाकून दयाळ येत नाही. त्याला किडे, अळ्या, गांडुळं लागतात. झाडाखालचा पालापाचोळा झाडून जाळायचं थांबवलं आणि कुंड्यांवर कीटकनाशक मारणं बंद केलं, तर त्याची निम्मी गरज भागते. घरट्यासाठी नारळाचा काथ्या जवळपास ठेवा; नायलॉनचा दोरा अजिबात नको, पिल्लांच्या पायाला त्याचे फास बसतात.

मादी फिकट निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची चार-पाच अंडी घालते आणि एकटीच उबवते. नर बाहेर गातो. साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि मग चोचीत अळी धरलेल्या दयाळाच्या फेऱ्या दिसू लागतात. या काळात पेटी उघडून बघायचा मोह आवरा. लांबून ऐकणं पुरतं, भुकेल्या पिल्लांचा आवाज फळीतूनही येतो.

आणखी दोन आठवड्यांनी आखूड शेपटीचं, छातीवर ठिपके असलेलं पिल्लू जमिनीवर उड्या मारताना दिसेल. ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. त्याला दूध, पाव देऊ नका, चोचीत पाणी ओतू नका. पाणी श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावतं. जवळच्या झुडपात उंचावर ठेवा आणि दूर व्हा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते हा गैरसमज आहे, हाक ऐकून आईबाप येतात. अंगावर पिसं नसलेलं पिल्लू मात्र सरळ घरट्यात परत ठेवावं. घरात मांजर असेल तर चार-पाच दिवस तिला आत ठेवा. आणि पिल्लू गोड आहे म्हणून पिंजऱ्यात घालू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला बंदी आहे.

त्याच हंगामात दुसरी वीण होऊ शकते, म्हणून पेटीला पाऊस संपेपर्यंत हात लावू नका. मग जुनं घरटं काढून टाका, त्यात गोचिडी, माइट राहतात. उकळतं पाणी ओतून पेटी धुवा, उन्हात वाळवा आणि पुन्हा त्याच जागी घट्ट बसवा.