दाखला न मागणारा फॉर्म

टोरांटोतल्या नोकरीचा चौथा दिवस. लॅपटॉप मिळाला होता, लिफ्टचं कार्ड यायचं होतं, आणि एचआरकडून एक फॉर्म आला. प्रश्न चारच. तुम्ही स्त्री आहात का? इथल्या मूलनिवासी समाजातल्या आहात का? काही अपंगत्व आहे का? आणि तुम्ही ‘व्हिजिबल मायनॉरिटी’ (म्हणजे गोरे नसलेले, मूलनिवासी सोडून बाकीचे) आहात का? मी दोन चौकटींत टिक केलं, सबमिट दाबलं आणि कॉफी आणायला गेले. दहा सेकंदांचं काम.

रविवारी फोनवर आईला हे सांगितलं. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, “आणि दाखला कुठनं काढलीस गं?”

कोल्हापूरच्या बाईचा प्रश्न बरोबरच होता. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या पोरांचा जून महिना सेतू कार्यालयाच्या रांगेत जायचा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, मग व्हॅलिडिटी. पडताळणी समितीपुढे आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा नेऊन दाखवायचा. इथं मी दोन टिका मारल्या आणि कुणी तोंड वर करून बघितलंही नाही.

या फॉर्ममागचा कॅनडाचा कायदा मुळात १९८६ चा, एम्प्लॉयमेंट इक्विटी ॲक्ट. बँका, विमान कंपन्या, टेलिफोनवाले अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या, शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपन्या त्यात येतात. त्याची पायाभरणी केली न्यायाधीश रोझली अबेला यांच्या १९८४ च्या अहवालाने. ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ (मागे राहिलेल्यांना मुद्दाम संधी देणं) म्हटलं की लोक लगेच बाह्या सरसावतात, म्हणून बाईंनी ‘एम्प्लॉयमेंट इक्विटी’ हा शब्दच नवा काढला. कोटा नाहीच. अपात्र माणूस घ्यायला सांगता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलंय. कंपनीनं आपल्याकडची माणसं मोजायची, त्या कामाला लायक अशी माणसं बाजारात किती आहेत त्याच्याशी ताडून बघायची, आणि तफावत दिसली तर आपल्या भरतीचे नियम उलटेपालटे करून तपासायचे. माझी टिक भरती करणाऱ्या साहेबाला दिसत नाही, ती फक्त बेरजेत जाते. शिवाय माझी निवड तर आधीच झाली होती. हे मी आईला तीनदा सांगितलं. “म्हणजे कोटाच की,” ती म्हणाली.

नियम तपासायचे म्हणजे काय, ते मला एका जुन्या निकालातून कळलं. कॅनेडियन नॅशनल रेल्वेच्या सेंट लॉरेन्स विभागात १९८१ च्या अखेरीस अंगमेहनतीच्या कामांवर बायका होत्या ५७. म्हणजे ०.७ टक्के. डबे जोडायच्या कामासाठी एखादी बाई आली, तर तिला ब्रेकचा लोखंडी ठोकळा एका हाताने उचलून दाखवायला लावायचे. पुरुषांना ही परीक्षा नव्हतीच! शेवटी न्यायाधिकरणाने सांगितलं की ही परीक्षा बंद, आणि बायकांचं प्रमाण १३ टक्के होईपर्यंत दर चार नव्या माणसांत एक बाई घ्या. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं. ‘मेरिट’ हा शब्द ऐकला की हल्ली मला तो ठोकळा आठवतो.

सगळे खूश होते असं अजिबात नाही. ऑन्टारिओ प्रांताने १९९३ मध्ये स्वतःचा असा कायदा केला आणि दोनच वर्षांत सरकार बदलल्यावर तो रद्द झाला. रद्द करणाऱ्या कायद्याच्या लांबलचक नावातच ‘नोकऱ्यांतला कोटा संपवणे’ आणि ‘गुणवत्तेवर आधारित’ भरती परत आणणे असे शब्द आहेत. वाचताना मला आमच्या बारावीच्या क्लासच्या पायऱ्यांवरच्या गप्पा आठवल्या. त्या गप्पांत मी सगळ्यात पुढे असायचे. राजर्षी शाहूंनी २६ जुलै १९०२ ला मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या, त्याच गावात, त्यांच्याच पुतळ्यावरून रोज सायकल मारत जाऊन, मी ‘आम्हा ओपनवाल्यांचं कोण ऐकतंय’ म्हणून रडायचे. (महाराज तेव्हा एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने इंग्लंडात होते, म्हणजे हाही तसा परदेशातूनच निघालेला हुकूम.)

इथं आल्यावर पहिले सात महिने नोकरी नव्हती. माझ्या नावात ‘ण्म’ आहे, ते इथं कुणाच्या जिभेला वळत नाही. शंभरच्या वर अर्ज गेले. एका सल्लागार बाईंनी प्रेमाने सुचवलं, “नुसतं ‘मे’ लिहून बघा.” मी हसण्यावारी नेलं. मग टोरांटो विद्यापीठातल्या फिलिप ओरिओपोलोस यांचा २०११ चा अभ्यास वाचनात आला. त्यांनी हजारो बनावट बायोडेटा पाठवले होते. शिक्षण, अनुभव तोच, नाव फक्त वेगळं. इंग्रजी नावाला मुलाखतीचे फोन भारतीय किंवा चिनी नावापेक्षा जवळजवळ ४० टक्के जास्त आले. त्या रात्री मी बायोडेटावर नुसतं ‘एम.’ केलं. फोन त्यानेच आला का, ते मला कधीच कळणार नाही.

हे सगळं मी नांदेडच्या मित्राला तावातावाने सांगत होते. तो राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर शिकायला आला आणि इथंच राहिला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “इंजिनिअरिंगला तुझा नंबर मुलींच्या तीस टक्क्यांतून लागला होता ना?”

लागला होता. आमच्या घरात त्याला कधीच कुणी आरक्षण म्हटलं नव्हतं.

“तिकडं तू ओपन, मी एससी. इथं दोघं एकाच चौकटीत,” तो म्हणाला. आणि ती चौकट तरी कसली! २०२१ च्या जनगणनेत टोरांटोत निम्म्याहून जास्त लोक याच ‘मायनॉरिटी’तले निघाले. शेजारच्या ब्रॅम्प्टन शहरात तर निम्मे लोक एकट्या दक्षिण आशियातले. त्या चौकटीच्या आत काय चालतं, ते फॉर्मला दिसत नाही. गेल्या गणपतीला मंडळाच्या पंगतीत एका काकांनी याला आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं. “नाही, पण मूळचे कुठले?” नांदेड. “नाही, म्हणजे...” काका तीन वेळा फिरून तिथंच आले. ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०२३ मध्ये जातीवरचा भेदभावही कायद्यात येतो, असं स्पष्ट केलं. काकांपर्यंत ते पोचलेलं नसावं.

आईचा दुसरा प्रश्न होता, “मग खोटं लिहिलं तर?” तिला सांगितलं, ते इथंही झालंय. काही प्राध्यापकांनी आपण मूलनिवासी असल्याचं सांगून पदं मिळवल्याचे आरोप झाले, आणि सॅस्काचेवन विद्यापीठाने २०२२ मध्ये नुसत्या शब्दावर न जाता पुरावा मागायचं धोरण आणलं. “बघ, आली की नाही व्हॅलिडिटी,” आई खूश.

मित्राकडची व्हॅलिडिटी मी पाहिलीय. लॅमिनेट केलेली, पासपोर्टच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये. त्याच्याही ऑफिसात तो चार प्रश्नांचा फॉर्म आला होता. त्याला विचारलं, तू कुठं कुठं टिक केलंस?

“ऐच्छिक आहे म्हणाले,” तो म्हणाला. “कोराच सोडला.”