दवातल्या जत्रा आणि माझी पायपेटी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या सिंधुदुर्गात जत्रांचे दिवस सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की दशावतार आला. मी एका दशावतार कंपनीत पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायची हार्मोनियम, वाजवतो. पालखीच्या प्रदक्षिणा झाल्या की रात्री उशिरा खेळ उभा राहतो. आधी आडदशावतार, त्यात गणपती, रिद्धीसिद्धी, सरस्वती, संकासुर, मग मुख्य आख्यान आणि उजाडता उजाडता दहीकाला. म्हणजे हवा सगळ्यांत गार आणि सगळ्यांत ओली असते नेमक्या त्या वेळी पेटी उघड्यावर असते आणि तिच्याकडून सगळ्यांत जास्त काम घ्यायचं असतं. ती पहाटेपर्यंत सुरात कशी ठेवायची, हे शिकायला मला बरेच हंगाम लागले. नवीन मुलं वाजवायला लागलीत, त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

पेटीला थंडी बाधते असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. कोकणातली थंडी ती केवढी! पहाटे पंधरा-सोळा अंशांपर्यंत पारा उतरला तर लोक शेकोट्या पेटवतात. तेवढ्याने पितळेच्या सुराला काही होत नाही. त्रास देतं ते दव, आणि दवाबरोबर धूळ आणि मीठ.

पेटीतला प्रत्येक सूर म्हणजे पितळेच्या तुकड्यात कापलेली एक खाच आणि त्या खाचेवर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पातळ जीभ. भात्यातली हवा खाचेतून जाताना जीभ खाली-वर थरथरते आणि आवाज होतो. जीभ खाचेच्या कडांना न टेकता जेमतेम आत-बाहेर होईल एवढीच फट असते, केसाएवढी. त्या फटीत धुळीचा एक कण आला तरी सूर घोगरा होतो, आणि कण ओला असला तर सूर मुकाच होतो. कोरडी धूळ भाता जोरात मारला की पुष्कळदा उडून जाते. ओली धूळ चिकटून बसते.

किनाऱ्यावरच्या गावांत हा त्रास दुप्पट. वेंगुर्ला, शिरोडा, आरवली, रेडी या बाजूला वाऱ्याबरोबर समुद्राचं मीठ येतं आणि सगळ्यावर त्याचा अदृश्य थर बसतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे रात्री तेवढी आर्द्रता सहज असते. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे शिरोड्याचं नाव देशभर झालं; तिथल्या मिठागरांजवळून येणारा वारा रात्री गालाला लागला की मला आधी पेटीतल्या स्प्रिंगा आठवतात. पोलादी स्प्रिंग आणि स्क्रू गंजतात, पितळ कळकतं. घाटावरच्या वादकांना स्प्रिंगा वर्षानुवर्षं बदलाव्या लागत नाहीत. आम्ही त्या दर दोन-तीन वर्षांनी बघून घेतो.

हंगामाची तयारी मी दसऱ्यानंतर सुरू करतो. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगलेलं असतं, पट्ट्या एकमेकींना घासतात, एखादी दाबली की वर येतच नाही. तेव्हा पॉलिशपेपर घेऊन पट्टीची कड घासायचा मोह होतो. तो टाळावा. फुगलेली पट्टी घासली तर पौषात लाकूड सुकल्यावर ती इतकी सैल होते की वाजवताना खडखडते, आणि घासलेलं लाकूड परत आणता येत नाही. मी पेटीचं झाकण काढून ती माजघरात सावलीला ठेवतो. शेजारी पत्र्याच्या डब्यात साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावतो आणि दार लोटून घेतो. आठवडाभरात बहुतेक पट्ट्या आपसूक मोकळ्या होतात. उन्हात मात्र पेटी कधीच ठेवायची नाही. जुन्या पेट्यांचे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि ओल आणि ऊन आलटून पालटून लागलं की सरस सोडतो. मग भात्यातून हवा गळते, पाय मारून मारून पोटऱ्या भरून येतात आणि आवाज काही भरत नाही.

सूर साफ करायला मला कुडाळकडच्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी शिकवलं. त्यांच्याकडे पालिताण्याच्या सुरांचे जुडगे कागदात बांधून ठेवलेले असत. सौराष्ट्रातल्या त्या गावचे सूर पेटीवाल्यांत नावाजलेले आहेत. मी पहिल्यांदा सूर हातात घेतला आणि तोंडाजवळ नेला तसे ते म्हणाले, “फुकू नको तेच्यार! तोंडाची वाफ लागली काय पितळ कळाकता.” त्यांची पद्धत अशी. पातळ, गुळगुळीत, कोरा कागद घ्यायचा. जिभेच्या मोकळ्या टोकाकडून तो हळूच खाली सरकवायचा आणि मुळाकडून टोकाकडे ओढून काढायचा. उलट दिशेने ढकलला तर जीभ वाकते. मग नखाने टोक किंचित उचलून सोडायचं आणि कान द्यायचा. स्वच्छ ‘टिंग’ आलं तर झालं, बोथट आलं तर अजून काहीतरी अडकलं आहे.

जिभेचं टोक खाचेपासून थोडं वर असावं लागतं. अगदी बसलेलं असेल तर जोरात भाता मारल्यावर सूर गुदमरतो. फार वर असेल तर सूर उशिरा बोलतो. दशावतारात रागाचा, युद्धाचा प्रवेश आला की पाय आपोआप जोरात पडतात, म्हणून मी माझ्या पेटीतले सूर भजनी बुवांच्या पेटीपेक्षा जरासे उचलून घेतले आहेत. हे प्रत्येकाने आपल्या पायाच्या जोरावर ठरवायचं.

जिभेचं टोक खरवडलं तर सूर चढतो, मुळाशी खरवडलं तर उतरतो. हे लिहून ठेवतो, पण हे काम स्वतः करू नये, आणि जत्रेच्या दिवसांत तर मुळीच नाही. खरवडलेलं पितळ कायमचं जातं. आज वाटणारा बेसूर बहुतेक वेळा ओलीचा किंवा मळाचा असतो आणि साफ केल्यावर नाहीसा होतो.

आता प्रवासाचं. आज एका गावात खेळ, उद्या दुसऱ्या. टेम्पोत सामान चढतं तेव्हा पहाट असते, पेटी थंडगार झालेली असते. पूर्वी कंपनीत पेटी प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळायची पद्धत होती, वरून पाणी लागू नये म्हणून. त्यात रात्रभराची ओल आतच कोंडून राहायची आणि दुपारपर्यंत उकडलेल्या भातासारखी पेटी घामेजायची. मी आता तिला जुन्या सुती गोधडीत गुंडाळतो आणि प्लास्टिक फक्त टेम्पोच्या हौद्यावर टाकतो. गोधडी ओल शोषून घेते.

नव्या गावात पोचल्यावर पेटी लगेच उघडायची नाही, याला मी फार जपतो. गार पितळेला सकाळची कोमट दमट हवा लागली की त्यावर पाणी धरतं, फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर धरतं तसंच. पेटी गोधडीसकट सावलीत ठेवायची, तास-दोन तासांनी ती आजूबाजूच्या हवेइतकी ऊबदार झाली की मगच झाकण काढायचं. काका म्हणायचे, “तिका आधी हयल्या वाऱ्याची सवय होवंदे, मगे उघड.” घाईघाईत पेटी उघडून सूर तपासायला बसणारे वादक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे सूर संध्याकाळपर्यंत घोगरेच राहतात.

पेटीच्या आत, सुरांपासून दूर, कापडी पिशवीत सिलिका जेल ठेवतो. कोरडं असताना निळं आणि ओल घेतल्यावर गुलाबी होणारे दाणे मिळतात, पण त्यांतला निळा रंग आरोग्याला चांगला नाही, म्हणून मी नारिंगी दाणे घेतो. ते ओले झाले की हिरवट होतात. मंद आचेवर जुन्या तव्यात परतले की पुन्हा कामाला येतात. तो तवा परत स्वयंपाकाला वापरायचा नाही. पिशवी ठेवण्याआधी शिवण तपासावी, एक दाणा सुरात गेला तर सूर बसवलेली पूर्ण पाटी काढावी लागते.

रंगमंचावर जागा निवडणं हा खरा हुशारीचा भाग आहे. दव उघड्या आभाळाखाली जास्त पडतं, कारण रात्री वस्तू आपली उष्णता वर आभाळात सोडतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात. मध्ये नुसतं कापड आलं तरी पुष्कळ फरक पडतो. देवळाच्या सभामंडपात खेळ असला तर प्रश्नच नाही. बाहेर मांडव असला तर वर काय आहे ते मी आधी बघतो. माडाची झापं किंवा ताडपत्री असेल तर उत्तम. पत्रा असेल तर सावध, कारण पहाटे तीननंतर पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब ठिबकतात आणि ते नेमके पट्ट्यांवर पडतात. अशा ठिकाणी मी पेटीच्या वर काठ्यांवर एक चादर ताणून घेतो. मांडववाल्याला आधी सांगितलं की तो आनंदाने दोन बांबू देतो. जत्रेच्या गावात वादकाला कोणी नाही म्हणत नाही.

खेळ सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ हलका भाता मारत सगळ्या पट्ट्या एकदा खालपासून वरपर्यंत वाजवून घ्यायच्या. दबलेला सूर तेव्हाच कळतो. मध्ये गद्य प्रवेश लांबला तर पट्ट्यांवर कापड टाकायचं आणि पाय थांबवायचे, कारण प्रत्येक भात्याबरोबर बाहेरची ओली हवा सुरांवरून जाते.

तरी कधीतरी सूर दगा देतोच. माझ्या पेटीचा पंचम एकदा मध्यरात्रीनंतर, राजाचं पद ऐन रंगात आलेलं असताना, मुका झाला. माझ्या पेटीत नर आणि मादी अशा दोन ओळी आहेत, म्हणून नराची खुंटी बंद केली आणि मादीच्या ओळीवर पद पुढे नेलं. आवाज पातळ झाला, पण नटाने गाणं सोडलं नाही. याच्या उलट त्रास म्हणजे पट्टी वर न येणं, मग तो सूर अखंड वाजत राहतो आणि गाणाऱ्याच्या डोक्यात भणभण होते. तेव्हा झांजवाल्याने एका बोटाने पट्टी उचलून धरायची आणि आपण तो सूर टाळून वाजवायचं. आमच्या झांजवाल्या बाबूला मी नुसती मान हलवली तरी त्याचं बोट जागेवर येतं. मंडळीत अशी माणसं असणं फार मोलाचं.

पखवाजाची गोष्ट वेगळी आणि ती पेटीवाल्याने समजून घ्यायला हवी. ओल लागली की कातडं सैल पडतं आणि पखवाज उतरतो. पेटीचा सूर थंडीत उतरत नाही. पितळ गार झाल्यावर किंचित ताठ होतं, म्हणून झालाच तर केसभर चढतो. म्हणजे रात्र चढेल तसं दोघांत अंतर पडत जातं, आणि अंतर पडलं की ऐकणारे पेटीकडे बघतात. नाना पखवाजवाले दर प्रवेशाला हातोडी काढतात. बासरीवाला सोबत असेल तर त्यालाही सांभाळावं लागतं, कारण तीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला ३४९ मीटर जातो आणि पंधरा अंशांत ३४०, त्यामुळे फुंकरीने बासरी तापेपर्यंत तिचा सूर खालीच बोलतो. पेटीला जागच्या जागी सूर बदलता येत नाही, म्हणून बाकीच्यांनी तिच्याकडे यावं लागतं. आपण त्यांना तेवढा वेळ द्यावा, पद सुरू करायची घाई करू नये.

दहीकाला झाला की सगळ्यांना झोपेची ओढ असते. मी मात्र पेटी झाकण काढून मांडवाच्या सावलीत ठेवतो, कोरड्या मलमलच्या फडक्याने पट्ट्या आणि चौकट पुसतो, आणि ऊन वर येऊन हवा कोरडी होईपर्यंत थांबतो. टेम्पोवाला कुरकुरतो. त्याच्यासाठी चहा सांगायचा आणि त्याला थांबवायचं. या अर्ध्या-पाऊण तासामुळे पुढची रात्र सरळ जाते.

फाल्गुनात, शिमगा उरकला की पेटी दुरुस्तीवाल्याकडे न्यायची. तेव्हा लाकूड सगळ्यांत कोरडं असतं, म्हणून सूर लावून घ्यायलाही तीच वेळ चांगली. भात्याच्या घड्यांतलं चामडं, पट्टीखालची बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, आणि स्प्रिंगा बदलून घ्यायच्या असतील त्या तेव्हाच बदलाव्यात. बनातीला कसर लागते आणि चामडं उंदीर कुरतडतात, म्हणून मिरगाच्या आधी पेटी गोधडीत बांधून, डांबरगोळ्या पुरचुंडीत घालून, जमिनीपासून वर फळीवर ठेवायची. चुलीच्या खोलीत ठेवणारेही आहेत. तिथे ओल लागत नाही हे खरं, पण धुराची काजळी सुरांवर बसते. मी पोटमाळा पसंत करतो, आणि श्रावणात दोनदा तरी पेटी खाली घेऊन अर्धा तास वाजवतो. वाजती पेटी बंद पेटीपेक्षा चांगली टिकते.