सरांचं बोकडाचं मुंडकं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि जीवशास्त्राचे सर डोळ्यांपुढे उभे राहिले. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, ते सगळ्यांना कळतं.

अंगावर केस आणि पिलांना दूध, ही सस्तन प्राण्यांची लक्षणं पुस्तकात होतीच. सर म्हणायचे, “केस कुजतात, दूध आटतं. दगडात उरतो तो जबडा.” मग खाटकाकडून बोकडाचं मुंडकं यायचं. कातडं-मांस सोलून ते साध्या पाण्यात, झाकणाच्या बादलीत कुजत ठेवायचं, पाणी मधूनमधून बदलायचं. उकळायला सक्त मनाई, कारण चरबी हाडात मुरते आणि हाड पिवळं पडतं. ब्लीचिंग पावडरने हाड भुसभुशीत होतं, म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड. वासाबद्दल तक्रार कोणी करायची नाही! पाणी ओतताना खाली फडकं धरायचं, नाहीतर सुटे दात मोरीत. शेवटी कवटी उलटी करून हलकेच झटकायची, की कानातली इवलीशी हाडं पडत.

खरा धडा तिथेच होता. बोकडाचा खालचा जबडा हनुवटीशी सुटतो, पण प्रत्येक बाजूला हाड एकच, आणि हीच सस्तन प्राण्याची खूण. सरड्याच्या जबड्यात तीच बाजू अनेक हाडं जोडून झालेली असते. ती जास्तीची हाडं गेली कुठे? सांध्याची दोन हाडं कानात सरकली, तीच हातोडा आणि ऐरण. कानातलं तिसरं हाड, रिकीब, आधीपासून होतंच. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल रायशर्टने हे १८३७ मध्ये डुकराच्या गर्भांवरून ओळखलं. वेल्समध्ये सापडलेल्या, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या चिचुंद्रीएवढ्या मॉर्गॅन्युकोडॉन या सस्तनांच्या आदिम नातलगाच्या जबड्यात तर जुना आणि नवा असे दोन्ही सांधे शेजारी शेजारी आहेत. प्लॅटिपस अंडी घालूनही सस्तन का, हे मग वेगळं शिकवावं लागत नसे.

आज पदवीच्या वर्गाला मी हेच शिकवतो. सोबत डेक्कनोलेस्टिस हिस्लोपीही सांगतो: दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात, तेलंगणातल्या नास्कलला सापडलेला, १९८८ मध्ये जाहीर झालेला आणि नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांचं नाव लाभलेला क्रेटेशियस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातला सस्तन प्राणी. त्याचे दात इतके बारीक की गाळ चाळणीत धुवूनच हाती लागतात.

नव्या इमारतीत कवट्यांचं कपाट दिसलं नाही. पडद्यावरची कवटी गोल फिरते, छान दिसते. पण तिच्या कानातून काही पडत नाही. बादली आणि पेरॉक्साइडचा खर्च माझ्याकडे लागला.