निळा थर

ग्रामसभेत मी भूजलाचं त्रिमितीय मॉडेल दाखवलं आणि तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याने त्यातल्या पाणी दाखवणाऱ्या निळ्या थराच्या भरवशावर बोअर घेतलं. १८० फुटांपर्यंत नुसता धुरळा.

गाव पुरंदर तालुक्यातलं. २३ विहिरी मी स्वतः टेप सोडून मोजल्या होत्या. वर मुरूम, खाली मांजऱ्या म्हणजे मऊसर, भोकाभोकांचा खडक, मग काळा पाषाण, मध्येच गेरूचा लाल पट्टा. पाणी मुरुमात, मांजऱ्यात आणि भेगांत. भेगा नसतील तर काळा पाषाण कोरडाच. विहिरी खोदणाऱ्यांना हे आमच्या शास्त्राच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

अडचण मापाची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर जवळजवळ आडवे. गावाची रुंदी ४ किलोमीटर आणि मला दाखवायची खोली ४० मीटर. खऱ्या प्रमाणात काढलं तर कागदाच्या कडेसारखी रेघ दिसते. म्हणून उभं माप २० पट केलं. अर्ध्या अंशाचा उतार पडद्यावर दहा अंशांचा झाला. एक आजी उठून म्हणाल्या, "एवढ्या उतारानं पाणी खालच्या वाडीला पळतंय, मग आम्ही बांध घालून करायचं काय?" वीस पटीची गोष्ट मी सुरुवातीला एका वाक्यात सांगितली होती. ती कोण लक्षात ठेवणार?

हेच मॉडेल आधी कार्यालयात दाखवलं होतं. सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं, छान म्हणाले. प्रश्न एकानेही विचारला नाही, याचा मला आजही राग येतो.

पण निळ्या रंगाची चूक माझी. दोन विहिरींमध्ये ७०० मीटर अंतर, मध्ये एकही नोंद नाही. सॉफ्टवेअर तिथेही तितकाच गुळगुळीत, तितकाच निळा थर ओढून देतं. सहकाऱ्यांसाठी काढलेल्या छेदात, म्हणजे जमीन उभी कापल्यासारख्या चित्रात, त्या थराची रेघ मी तिथे तुटक ठेवली होती, वर प्रश्नचिन्हही होतं. गावासाठी ते काढून टाकलं, लोक गोंधळतील म्हणून. दर मृगाला आभाळाकडे बघून बी पेरणाऱ्या माणसांना अंदाज म्हणजे काय ते कळणार नाही, असं मी कसं धरून चाललो?

महिन्याने मी छेद फ्लेक्सवर छापून नेला. विहिरी जिथल्या तिथे, नोंद नाही ती जागा पांढरी. त्या शेतकऱ्याला धुरळ्याचा रंग फुटाफुटाने पाठ होता: वीस फुटांपर्यंत पिवळट, मग काळा, शंभराच्या आसपास लाल, पुन्हा काळा. ती चोविसावी नोंद मी त्याच्यासमोर पेनाने भरली.

त्याने शेजारच्या रानावर बोट ठेवलं. "हितं पांढरं का?"

"तिथलं मला माहीत नाही."

"मग तवा माझ्या रानावर असं पांढरं का नव्हतं, साहेब?"